ब्लँकेटमधून आलेलं ग्राफिक्स कार्ड

त्या उन्हाळ्यात मी एका जागी सलग दहा मिनिटं बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्यानं पुढे यावं. बारावीचे पेपर संपले होते, निकाल लागायचा होता, आणि माझ्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला होता. दुकानात तयार मिळतो तसला नव्हे. एकेक भाग स्वतः निवडून, स्वतः जोडून केलेला, गेमिंगचा. माझ्याकडे तोवर मामूंचा जुना लॅपटॉप होता. त्यावर खेळायला बसलं की पाचव्या मिनिटाला तो तापायचा, चित्र अडखळायचं, आणि समोरचा माणूस मला दिसायच्या आत मला मारून पुढे निघून गेलेला असायचा. मी टेबलफॅन त्याच्या बुडाशी लावून खेळायची. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगो, माणसं हिकडं घामानं भिजतायत नि वारा त्या मशीनला?" माझ्या टीममध्ये आणखी चौघं होती, कुठली कुठली, एकमेकांना फक्त आवाजानं ओळखणारी. ती म्हणत, "रुबी, तू चांगली आहेस, तुझं मशीन भिकार आहे." हे मला इतकं पटलं होतं की आपल्या आयुष्यात जे काही बिनसतंय ते सगळं मशीनमुळेच, अशी माझी खात्रीच झाली होती. त्या वयात एवढी सोयीची खात्री मिळाली की माणूस ती सोडत नाही.

आमचं घर खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. मागची भिंत जांभ्याच्या सड्याला, म्हणजे उघड्या लाल कातळाला, टेकलेली, पुढच्या ओट्यावरून खाली होड्या दिसायच्या. होड्यांच्या इंजिनांची ठकठक, मग अजान, मग अम्मीचं खोबरं किसणं, असा आमचा दिवस चढत जाई. घरात आम्ही दोघीच. अब्बा कुवेतला एसी मेकॅनिक होते. मी तीन वर्षांची असताना गेले, ते वर्षाला एक महिना यायचे, तोही मे महिन्यात, कारण आंबा. त्यामुळे माझ्या आठवणीतल्या अब्बांना कायम हापूसचा वास येतो. बाकीचे अकरा महिने ते शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, फोनच्या पडद्यावर असत. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." "बरं, अम्मीला दे." वडील म्हणजे साधारण एवढं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं, आणि त्याचं फारसं दुःखही नव्हतं.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, बारावी झाली, आता तुला काय पायजे? मी एका दमात सगळं सांगून टाकलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर. ते म्हणाले, "किती लागतील?" मी डोळे मिटून म्हटलं, "एक लाख." "एक लाख," ते म्हणाले, "वर एक पैसा नाय. आणि मी येईस्तोवर जोडायचा नाय. सुरू माझ्यासमोर करायचा." ही अट त्यांनी घातली खरी, पण मला तरी दुसरं काय हवं होतं! त्यांनी तोवर माझ्या गुणपत्रिका बघितल्या होत्या, ईदच्या कपड्यातले फोटो बघितले होते. मला काही करताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आता बघणार होते.

एक लाख ऐकायला भरघोस वाटतात. पण चांगल्यातलं चांगलं मशीन करायचं म्हटलं की ते पैसे कुठे विरघळतात कळत नाही. मी रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर याद्या करायला लागले. प्रोसेसर एक पायरी वर चढवला की रॅम अर्धी करावी लागे. रॅम परत पूर्ण केली की मॉनिटर लहान होई. काचेचा, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट मला फार हवा होता. पण खाडीच्या हवेनं आमच्याकडे दाराच्या कड्यासुद्धा दोन वर्षांत गंजतात, म्हणून जाड रंगाचा, साधा, काळा निवडला आणि दोन दिवस सुतक पाळल्यासारखी वावरले. सकाळी एक भाव दिसे, दुपारी दुसरा. मी ओट्यावरून परसात, परसातून ओट्यावर येरझाऱ्या घालायची. भाकरी थापताना अम्मी यादी वाचून दाखवायला लावायची. "हा डबा साडेचार हजारांचा? आत काय हाय त्यात?" "काहीच नाही, अम्मी. रिकामा असतो." ती भाकरी तव्यावर टाकायची विसरली.

सगळ्या याद्यांच्या मध्यभागी होतं ग्राफिक्स कार्ड. खेळातलं चित्र तेच काढतं, त्यामुळे जवळजवळ निम्मे पैसे त्याचेच. मला जे हवं होतं ते माझ्या ऐपतीच्या थोडं वर होतं, पण कुवेतला स्वस्त पडत होतं, आणि अब्बा येताना आणणार होते. उरलेला फरक मी पॉवर सप्लायमधून काढला. पॉवर सप्लाय म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज वाटणारा डबा. तो दिसत नाही, चमकत नाही, त्याच्यामुळे खेळात एक गोळी जास्त लागत नाही. त्यामुळे कात्री नेहमी त्याच्यावर चालायची. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवर पहिल्यांदाच जरा जोरात बोलले. "विजेच्या कामात हात आखडू नको. कार्ड लहान घे, पण तो डबा चांगला घे." मी म्हटलं, अब्बा, हे एसी नाही. नव्या कार्डाला नव्या पद्धतीची जाड पिन लागते, ती माझ्या स्वस्त पॉवर सप्लायला नव्हती. पण जुन्या पिनांवरून नवी करून देणारी एक छोटी केबल कार्डाच्या खोक्यात येते, हे मी तीन ठिकाणी वाचलं होतं. वहीत "खोक्यात येते" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. बाकीचे भाग मी मागवून टाकले. ते एकेक करून आले, आणि माझ्या पलंगाखाली, न जोडता, तीन आठवडे पडून राहिले. माझे हात नुसते शिवशिवत होते.

अब्बा आले ते मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, तीन बॅगा आणि एक दोरीनं बांधलेलं ब्लँकेट घेऊन. अम्मीनं सांदणं केली होती, नारळाच्या दुधातलं कोंबडीचं सालन होतं, पण माझं लक्ष बॅगांवर. जेवण होईतो मी दोनदा बॅगांना हात लावून आले. मग पलंगावर चादर अंथरून अब्बांनी एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. मोज्यांत गुंडाळलेल्या अत्तराच्या बाटल्या, बुटांत कोंबलेले खजूर, बदाम, साबण, अम्मीचं घड्याळ. खोकं कशालाच नाही. आमच्या मोहल्ल्यात गल्फहून येणारा कुठलाही माणूस खोकी आणत नाही. विमानात वजन किलोवर मोजतात, आणि खोकं म्हणजे फुकटचं वजन. बूट घेतला की खोकं तिथेच, मिक्सर घेतला की खोकं तिथेच, आणि खोक्याच्या जागेत कुणाच्या तरी चाचीचं दुखणं उतरवणारं तेल. शेवटी त्यांनी ब्लँकेटची दोरी सोडली. वाघाच्या चित्राचं, केसाळ, दोन माणसं मावतील असं ब्लँकेट. एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी, आणि वाघाच्या पोटातून माझं ग्राफिक्स कार्ड निघालं. त्याच्या चंदेरी पिशवीत, नीट, कोपरासुद्धा न दुखावलेलं. "ही पिशवी काढली नाय," अब्बा म्हणाले, "ब्लँकेट घासलं की करंट बसते, मला ठाव हाय." मी ते छातीशी धरलं. त्या क्षणी मला खोक्याची आठवणही झाली नाही. मी त्याच घरात वाढले होते, खोकी येत नाहीत हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि कार्ड कुठल्या मॉडेलचं आणायचं ते मी त्यांना पंचवीस वेळा सांगितलं होतं. खोकं ठेवा, हे एकदाही नाही.

मला वाटत होतं, उद्या सकाळी जोडायला बसायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा पाणी प्यायला उठले, अनवाणी, आणि फ्रीजला हात लावताच "या अल्ला" म्हणून मागे सरले. अम्मी शांतपणे म्हणाली, "चप्पल घाला." आमच्या फ्रीजशेजारी रबरी चपलांचा एक जोड कायम असायचा. त्या घालूनच फ्रीज उघडायचा, नाहीतर बोटांत झिणझिण्या येत. आम्हा दोघींना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. काही माणसं तापट असतात, तसा आमचा फ्रीज. अब्बा मे महिन्यात घरी असले तरी त्यांच्यासमोर पाणी आयतं जायचं, त्यामुळे त्यांचा हात कधी फ्रीजपर्यंत पोचलाच नव्हता. "किती वर्षं चाललंय हे?" त्यांनी विचारलं. "आणल्यापासनं," अम्मी म्हणाली. त्यांनी एक होल्डर घेतला, दोन वायरी लावल्या, बल्ब बसवला, आणि भिंतीतल्या सॉकेटच्या विजेच्या भोकात एक वायर घातली, अर्थिंगच्या भोकात दुसरी. बल्ब लागला नाही. दुसऱ्या खोलीत नाही, ओट्यावर नाही. घराला अर्थिंग नव्हतंच. बांधणाऱ्यानं चुकार वीज जमिनीत उतरवणारी वायर भिंतीतून बाहेर काढली होती आणि सड्यावर, दगडाच्या खपलीखाली, नुसती दडपून ठेवली होती. अब्बांनी ती वायर दगडाखालून ओढून काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्थिंग झाल्याशिवाय तो कॉम्प्युटर लावायचा नाय."

दोन-तीन दिवस, असं मला वाटलं होतं. पण मे महिन्यातला जांभा म्हणजे काय, हे ज्यानं पहार मारून बघितलंय त्यालाच कळेल. मातीत खड्डा घ्यायला एक सकाळ पुरते. सड्यावर अब्बांचे दहा दिवस गेले. पहाटे उन्हाआधी दोन तास, संध्याकाळी दोन तास, मध्ये पाहुणे, एक लग्न, एक बारसं. गडी लावा, असं अम्मी म्हणाली, तर म्हणाले, "लोकांच्या बिल्डिंगींचं अर्थिंग तपासून सह्या करतो मी तिकडं. माझ्या घरात माझी बायको चप्पल घालून फ्रीज उघडतेय." आणि पुन्हा पहार. मला ते ठण ठण ऐकून वेड लागायची पाळी आली. माझ्या पलंगाखाली एक लाखाचं मशीन तुकड्यांत पडलं होतं, अब्बांच्या महिन्यातले दिवस भराभर संपत होते, आणि हे खड्डा खणतायत. टीममधली रोज विचारत, झालं का? मी त्यांना तरी काय सांगणार, की आमच्याकडे अजून जमीन लागलेली नाही.

आठव्या दिवशी मी परसात गेले. ते छातीएवढ्या खड्ड्यात होते, अंगभर लाल. मी म्हटलं, स्टॅबिलायझर आणू, तेवढ्यानं भागेल, सगळेजण तसंच वापरतात. ते म्हणाले, "सगळे चुकतायत." मी म्हटलं, तुमची सुट्टी संपेल. ते म्हणाले, "संपू दे, हे तरी होईल." आणि मग माझा तोंडाचा पट्टा सुटला. "तुम्हाला काय माहीत या घरातलं? आम्ही दोघी राहतो इथे. वर्षानुवर्षं राहतोय, कोणी मेलं नाही. तुम्ही महिनाभर येणार पाहुण्यासारखे, आणि आम्ही कसं राहायचं ते सांगणार!" पहार थांबली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता तोही थांबला. अब्बांनी घाम पुसला, पहार उचलली आणि पुन्हा कामाला लागले. मी आत जाऊन दार आपटलं. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि त्या संतापात मला हेही पक्कं कळत होतं की मी बोलायला नको ते बोलून बसलेय. अब्बा आता नाहीत. त्यांनी पुढे कधीच हा विषय काढला नाही, मीही काढला नाही, आणि माफी मागायची राहून गेली. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त तेच सलतं.

दहाव्या दिवशी खड्डा झाला. तांब्याची प्लेट, तिच्यावर थर कोळशाचा, थर खड्याच्या मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, आणि वरून चार बादल्या पाणी. जाड पट्टी भिंतीवरून आत नेली. मग अब्बांनी तोच बल्ब आणला आणि सॉकेटच्या त्याच भोकांत वायरी घातल्या. बल्ब असा लागला की अम्मी दोन पावलं मागे सरकली. तिला फ्रीज अनवाणी उघडायला लावला. उघडला, काही झालं नाही, तरी ती चप्पल घातल्याशिवाय परत तिकडे जायला तयार होईना. तेव्हा मात्र अब्बा हसले. त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या खोलीत येऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काढ बघू काय काय ते."

आम्ही दोघांनी मिळून जोडलं. प्रोसेसर बसवताना मी श्वास धरला, त्यांनी नाही. त्यांना मदरबोर्डमधलं काही कळत नव्हतं, पण स्क्रू किती आवळायचा हे त्यांच्या बोटांना माझ्या डोक्यापेक्षा जास्त कळत होतं. प्रोसेसरवर उष्णता ओढणारी पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा मी व्हिडिओ लावला. त्यांनी तो बंद केला आणि वाटाण्याएवढा थेंब टाकला. "पंखा हिकडून हवा घेतो नि तिकडून टाकतो, होय ना? मग भिंतीपासनं एक हात लांब ठेव." मला पहिल्यांदा लक्षात आलं की या डब्यात निम्मं काम एसीचंच आहे. शेवटी कार्ड बसवलं. खट् असा आवाज आला. मी पॉवर सप्लायच्या पिना हातात घेतल्या, कार्डाची जाड पिन बघितली, आणि मला वहीतल्या त्या दोन रेघा आठवल्या. "अब्बा, कार्डाबरोबर एक छोटी केबल होती?" "कुठली केबल?" "खोक्यात असते." खोकं कुवेतला, ज्या दुकानातून घेतलं त्याच्या दारातल्या कचऱ्याच्या डब्यात गेलं होतं. आत एक काळी पिशवी होती खरी, ते म्हणाले, त्यांना वाटलं कागदपत्रं असतील. पॉवर सप्लाय चांगला घेतला असता तर त्याला ती पिन आधीच असती. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही, एवढं शहाणपण त्या दहा दिवसांत आम्हाला आलं होतं.

बाजारात पाटणकरकाकांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी ते कार्ड फोटोत बघून हात जोडले. "रत्नागिरीत हे कार्डच कोणी बघितलेलं नाय, तर केबल कुठनं असायची? मुंबईहून मागवावी लागेल." त्याच दिवशी मागवली. मी दर तासाला बघायची, पार्सल कुठे पोचलं. मुंबईहून निघालं. मग काय झालं देव जाणे, रत्नागिरीला यायचं ते कोल्हापूरला जाऊन बसलं, आणि दहा-बारा दिवस तिथून हललं नाही. अब्बांची सुट्टी शनिवारी संपत होती. शुक्रवारी मी कुरियरच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, सोमवारी येईल मॅडम. अम्मी म्हणाली, "कोल्हापूरला काय काम होतं त्याचं? अंबाबाईच्या दर्शनाला नेलंन काय?" कुणाला हसू आलं नाही. शनिवारी सकाळी गाडीत बसताना अब्बांनी बॅगेत सोळा आंबे मोजून भरले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "केबल आली की लावून ठेव. पण सुरू करू नको. जुम्म्याला दुपारी मी मोकळा असतो. तेव्हा फोनवर सुरू करू." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. तेव्हा मला स्वतःबद्दल फारशी माहिती नव्हती.

सोमवारी अकरा वाजता केबल आली. मला लिहायला आवडलं असतं की मी शुक्रवारपर्यंत थांबले. प्रत्यक्षात मी आधी म्हटलं, नुसती लावून ठेवते. लावल्यावर म्हटलं, नुसता पंखा फिरतो का तेवढं बघते, चुकीची केबल असली तर परत पाठवायला बरी. पंखा फिरला. मग म्हटलं, चित्र येतं का बघते. आलं. बारा वाजेपर्यंत मी सॉफ्टवेअर, खेळ, सगळं भरून घेतलं होतं आणि एक वाजता मी खेळत होते. आणि काय खेळत होते! जे लोक मला दिसायच्या आत मारायचे ते मला गल्लीच्या टोकापासून दिसत होते. मंगळ, बुध, गुरुवार मी जेवायलाही नीट उठले नाही. अम्मीनं दारात उभं राहून विचारलं, "अब्बांना काय सांगशील?" "शुक्रवारी सकाळी आली म्हणेन." ती म्हणाली, "मी खोटं बोलणार नाय. पण मला कोणी विचारलान नाय, तर सांगायला पण जाणार नाय." आणि ताट टेबलावर ठेवून निघून गेली.

शुक्रवारी मी मशीन बंद केलं, पुसलं, केबलचं फाडलेलं पाकीट दिसेल असं बाजूला ठेवलं, आणि मॉनिटर दिसेल असा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. अब्बा फोनवर आले ते पांढऱ्या कुर्त्यात, दाढी करून. मागे त्यांच्या खोलीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. दोघे गुहागरचे, एक केरळचा, बाकीचे कुठले कुठले. त्यांनी आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की लेकीनं स्वतः कॉम्प्युटर बनवलाय आणि आज सुरू होणार आहे. कुणीतरी चहाही करून आणला होता. "चल," अब्बा म्हणाले, "बिस्मिल्ला." मी बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटर उजळला, मागून वा वा झालं. आणि मॉनिटरवर अब्बा आले. खड्ड्यात छातीएवढे उतरलेले, बनियन लाल मातीनं माखलेलं, हातात पहार, घाम पुसत वर बघताना. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून, त्यांना न कळत, तो फोटो काढला होता. का काढला ते तेव्हाही सांगता आलं नसतं. सोमवारी दुपारी मशीनवर पहिली गोष्ट कोणती लावली असेल तर तो फोटो, आणि चार दिवस समोर असल्यामुळे तो तिथे आहे हेच मी विसरून गेले होते.

"चाचा, ये तो आप हो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसायला लागले. अब्बा हसले नाहीत. ते त्या फोटोकडे बघत होते. पहिल्यांदा सुरू होणाऱ्या मशीनवर कुणाचा फोटो नसतो, हे कळायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. "केबल कधी आली गो?" त्यांनी विचारलं. एवढ्या माणसांसमोर. "सोमवारी," मी म्हटलं.

"म्हंजे चार दिवस चालतोय."

"हो."

"रोज किती?"

"दिवसभर." मला आता रडूच यायला लागलं होतं. "अब्बा, मी थांबणार होते..."

"ते राहू दे. मागं हात लागला असंल तुझा. डब्याला, स्क्रूला. झिणझिण्या?"

"नाही."

"अनवाणी होतीस?"

"अनवाणी. एकदाही नाही, अब्बा."

ते मागे वळले. इतकी वर्षं मी त्यांना फोनवर बघत होते, पण असा चेहरा त्यांनी आम्हाला कधी दाखवला नव्हता. "सुना?" ते खोलीला म्हणाले. "चार दिन से चालू है. पूरा दिन. एक झटका नहीं." हात छातीपाशी आडवा धरून त्यांनी खड्ड्याची खोली दाखवली. "इतना खोदा मैंने. पत्थर में. अपने घर में."

मग पुन्हा माझ्याकडे वळले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "आता खेळ. मी बघतो." मी खेळायला बसले. दर दोन सेकंदांनी फोनकडे बघत होते, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला मेले.

"परत," अब्बा म्हणाले.